गोव्याचा पाय आणि स्कीचा बूट

बारा महिने चपलेत वावरलेल्या पायाचा चवडा पसरट असतो, बोटं मोकळी सुटलेली असतात. म्हणून गुलमर्गला किंवा औलीला गेलेला गोवेकर भाड्याच्या दुकानात बूट दाबला की लगेच मोठा नंबर मागतो. तिथेच घोटाळा होतो. मोठ्या बुटात टाच उचलते आणि नडगी पुढच्या कडेवर आपटत राहते. ते थांबावं म्हणून बकलं करकचून आवळली की बोटं बधिर होतात. पसरट चवड्याला रुंद बूट हवा, लांब नव्हे.

माप घरूनच घेऊन जा. दिवसभराच्या उकाड्याने पाय थोडा सुजलेला असतो, तेव्हा संध्याकाळची वेळ बरी. टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा. मोठा पाय २६.४ सेंमी भरला, तर तुमचं माप २६.५. या पद्धतीला मोंडोपॉइंट म्हणतात. चपलेचा नंबर इथे विसरायचा. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं बाहेरचं शेल एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबरासाठी अडून बसू नका. रुंदीला लास्ट म्हणतात: साधारण ९८ मिमी अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढे रुंद.

खरी परीक्षा शेलची. आतला मऊ लायनर काढा, उघडा पाय शेलमध्ये घाला, बोटं पुढे जेमतेम टेकवा आणि टाचेमागची फट बघा. दीड ते दोन सेंमी असेल तर नवशिक्याला बूट योग्य. अडीचच्या वर गेली तर तो बूट परत करा, कितीही आरामशीर वाटला तरी. सकाळच्या गर्दीत एवढी सवड मिळत नाही, म्हणून बूट आदल्या संध्याकाळीच घ्यावा.

पायमोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती मोजा घाम धरतो आणि पाय गारठतो. दोन मोजे चढवले तर चुण्या टोचतात. थर्मलचा पायजमाही बुटात खोचू नका. पाय आत गेला की टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा. आधी वरची दोन बकलं लावा, गुडघे वाकवून नडगीने पुढे रेटा म्हणजे टाच मागे बसते. मग खालची बकलं, उघडणार नाहीत इतपतच. शेवटी पॉवर स्ट्रॅप, म्हणजे बुटाच्या वरच्या कडेचा रुंद पट्टा, आणि वरची बकलं पुन्हा एक खाच आवळा.

सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात, गुडघे वाकवले की किंचित मागे सरकतात. हेच बरोबर माप. टेकली म्हणून बूट लहान ठरत नाही. पंधरा-वीस मिनिटं तसेच राहा. सगळीकडून सारखा दाब चालेल. घोट्याच्या हाडावर एकाच जागी कळ आली, तर दुसरं मॉडेल मागा.

कडकपणाचा आकडा म्हणजे फ्लेक्स. नवशिक्या पुरुषांना साधारण ७० ते ९०, स्त्रियांना ५० ते ७०. वजन जास्त असेल तर थोडा वरचा. हे आकडे कंपनीगणिक बदलतात. बूट विकत घेऊन मडगावच्या उकाड्यात घालून बघाल तर तो मऊ वाटेल, कारण प्लास्टिक उष्णतेत नरम पडतं. बर्फावर तोच बूट चांगलाच कडक होतो.

बूट स्कीला जखडून ठेवणारी पकड म्हणजे बाइंडिंग. ती लावणाऱ्याला वजन, उंची, वय आणि येत असेल तेवढंच स्कीइंग खरं सांगा. पडल्यावर स्की कधी सुटायची, हे यावर आणि बुटाच्या तळाच्या लांबीवर ठरतं. बूट बदलला तर बाइंडिंग पुन्हा लावून घ्या. इथे संकोच कराल तर गुडघ्यावर बेतेल.

स्वतःचा बूट असेल तर आपला पावसाळा त्याचा वैरी. लायनर काढून पंख्याखाली पूर्ण वाळवा, उन्हात नको. परत घालून बकलं हलकी लावून ठेवा, म्हणजे शेलचा आकार बिघडत नाही. पॉलियुरेथेन या प्लास्टिकची शेल दमट हवेत वर्षानुवर्षं राहिली की आतून ठिसूळ होतात आणि वरून धड दिसत असूनही उतारावर फुटू शकतात. बूट जुना असेल, तर निघण्यापूर्वी टाचेच्या आणि चवड्याच्या कडांवर चिरा आहेत का ते उजेडात धरून बघा.