शेंडीवाल्या कोंबड्यांची जोडी लावताना आधी कवटी, मग झुपका

दिवाळीनंतरची थंडी पिल्ले काढायला चांगली, म्हणून नर-मादीची निवड ऑक्टोबर-नोव्हेंबरातच उरकावी. सातारा-सांगलीकडे पोलिश, सिल्की (डोक्यावर पिसांची शेंडी, म्हणजे झुपका असलेल्या विदेशी जाती) आणि शेंडीवाल्या गावठी कोंबड्यांना हौशी गिऱ्हाईक असते. त्यापायी कळपातला सर्वात मोठ्या झुपक्याचा कोंबडा सर्वात मोठ्या झुपक्याच्या तलंगांवर (तरुण माद्यांवर) सोडतात. गडबड इथेच होते.

शेंडीला शेंडी लावली की चौथा हिस्सा पिल्ले अंड्यातच मरतात, असे पुष्कळ जण सांगतात. ते शेंडीवाल्या बदकांना लागू आहे, कोंबड्यांना नाही. कोंबडीत शेंडीचे जनुक दोन्हीकडून आले तरी पिल्लू जगते, फक्त शेंडी सहसा मोठी येते. एकेरी जनुकाच्या (शेंडीचे जनुक एकाच पालकाकडून आलेल्या) नर-मादीतून सरासरी चारात एक दुहेरी, दोन एकेरी आणि एक साध्या डोक्याचे पिल्लू मिळते. तेव्हा अंड्यात पिल्ले मरत असतील तर शेंडीला दोष देऊ नका. उबवणीचे तापमान, ओलावा, अंडी किती दिवसांची होती आणि नर-मादीचे नाते, हे आधी तपासा.

खरा धोका कवटीत आहे. पोलिशसारख्या जातींत डोक्याच्या माथ्यावर हाडाचा घुमट उठतो. त्यातले हाड पुरते जुळत नाही, भोके राहतात आणि मेंदूचा वरचा भाग त्या घुमटात सरकतो. प्रत्येक शेंडीवाल्या पक्ष्यात हा दोष नसतो, पण झुपका आणि घुमट बहुधा जोडीने येतात. म्हणून नुसता झुपका बघून पिढ्यानपिढ्या निवड केली की कच्ची कवटीही नकळत निवडली जाते. अशा डोक्यावर दुसऱ्या कोंबडीची एक चोच जोरात बसली तरी पक्षी झटके देतो, मान वळवतो, उलटा चालतो, कधी जागीच मरतो.

तपासणी पहिल्याच दिवशी करा. पिल्लू कोरडे झाले की माथ्यावरून बोट अलगद फिरवा, दाबू नका. वाटाण्यासारखी गाठ लागली तर पायात रंगीत कडी घालून वहीत नोंद करा. गाठीचा नर आणि गाठीची मादी कधीच एकत्र लावू नये. गाठीचा पक्षी जातीसाठी ठेवायचाच असेल, तर जोडीला सपाट, टणक माथ्याचा पक्षी द्यावा. गाठीची पिल्ले मारकुट्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवा आणि विकताना गिऱ्हाइकाला तसे सांगा.

मान मुरगळलेला पक्षी दिसला की लगेच कवटीवर शिक्का मारू नका. मानमोडीतही (राणीखेत या साथीच्या रोगात) मान वळते. एकच पक्षी आजारी आणि बाकीचे नीट खात-पीत असतील तर डोक्याला मार लागल्याची शक्यता जास्त. अनेक पक्षी एकदम सुस्त, हिरवी विष्ठा, श्वासाला घरघर, अंडी घटलेली, असे असेल तर आजारी पक्षी तातडीने वेगळे काढून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लसीकरण चुकले असेल तर मानमोडीची शंका आधी घ्यावी.

दुसरे दुखणे नात्याचे. शेंडीवाले पक्षी मोजकेच मिळतात, एकाच घरातून अंडी आणली की सख्खी भावंडेच एकमेकांवर जातात. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या पिल्लांत अंतःप्रजननाचे प्रमाण 25 टक्के होते आणि पुढच्या पिढीत पुन्हा भावंडेच लावली तर 37.5 टक्के. त्याचा फटका आधी उबवण क्षमतेला बसतो, मग पिल्लांच्या जगण्याला. तेव्हा नर दुसऱ्या तालुक्यातून, वेगळ्या कळपातून आणा. विटा, कराड, फलटण, कुठलाही चालेल, नाते नसले म्हणजे झाले.

सर्वात सोपा मार्ग म्हणजे शेंडीवाला नर आणि साध्या डोक्याच्या, टणक कवटीच्या गावठी माद्या. नर एकेरी जनुकाचा असेल तर साधारण निम्मी पिल्ले शेंडीची निघतात. शेंडी लहान येते, पण कवटीचा धोका घटतो. एका नराला आठ-दहा माद्या पुरे. नर बदलला की जुन्याचे बीज मादीत साधारण तीन आठवडे राहू शकते, तेवढ्या काळातली अंडी उबवायला ठेवू नका, खायला वापरा. अंडी गोळा केल्यापासून सात दिवसांच्या आत बसवा.

उलट्या पिसांच्या कोंबड्याही तशाच एकमेकांवर सोडू नयेत. चारात एक पिल्लू मोडक्या, गळक्या पिसांचे निघते आणि पाटण-जावळीच्या थंडीत ते तग धरत नाही. त्यांना साध्या पिसांची जोडी द्या.

आणि कडकनाथाला शेंडी दिसली तर भेसळीची शंका घ्या, शेंडीवाल्या सिल्कीचीही कातडी कडकनाथसारखी काळीच असते.

जोडी लावण्याआधी नर-मादी दोघांच्या डोळ्यांवरची पिसे कात्रीने छाटा. नाहीतर नराला मादी नीट दिसत नाही, आणि परसातल्या घारीचाही पत्ता लागत नाही. पाण्याला निपल (चोच मारली की थेंब सोडणारी तोटी) लावा, उघड्या भांड्यात झुपका भिजून डोळे चिकटतात. उवांसाठी झुपक्याच्या मुळाशी आठवड्यातून एकदा पाहा.