रिटायर झाल्यावर सुतारकाम शिकायचंय? आधी पटाशीला धार लावायला शिका

रिटायर होऊन सुतारकामाला हात घातला की जो तो सांगतो, टेबल सॉ घ्या, राउटर घ्या, म्हणजे कापायची आणि खाचा पाडायची विजेची यंत्रं. माझं ऐकाल तर सुरुवातीला यातलं काहीच घेऊ नका. एक करवत, काटकोन बघायचा गुण्या, रंधा, १२ आणि २० मिमीची पटाशी (लाकूड तासायची सपाट छिन्नी), लाकडी हातोडा, दोन क्लॅम्प आणि धारेचे दगड एवढ्यात स्टूल होतं, पेटी होते. लोक कंटाळून सोडतात ते वयामुळे नाही, बोथट पटाशीमुळे. बोथट पटाशीला जोर लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि साठीनंतर मनगट आणि बोटांचे सांधे हा जोर फार दिवस सहन करत नाहीत. आणि नवी कोरी पटाशी धारदार असते हा गैरसमज काढून टाका, कारखान्यात तिला बहुतेक वेळा फक्त आकार दिलेला असतो, धार आपणच काढायची.

जागेचं फार काही नाही. भरपूर उजेड, न हलणारं टेबल, उंची उभं राहिल्यावर मनगटाशी येईल एवढी. वाचायच्या चष्म्यावर बसेल असा सेफ्टी गॉगल घ्या, नुसता चष्मा चालत नाही.

आता धार. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला म्हणून सविस्तर सांगतो.

पाणी लावून वापरायचे धारेचे दोन दगड घ्या, १००० आणि ६००० ग्रिटचे (ग्रिटचा आकडा जेवढा मोठा, तेवढा दगड बारीक). दगड सपाट हवा, वापरून वापरून तो मधे खोलगट होतो आणि मग कितीही घासा, धार वाकडीच येते. दगडावर पेन्सिलने आडव्या उभ्या रेघा मारा, जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून त्यावर दगड घासा, सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला.

मग पटाशीची पाठ. टोकाशी जी तिरकी बाजू असते तो उतार, आणि त्याच्या उलटी सपाट बाजू म्हणजे पाठ. हे जवळजवळ सगळे टाळतात आणि मग म्हणतात धार येत नाही! धार म्हणजे दोन बाजू जिथे भेटतात ती कड, त्यातली एक बाजू खडबडीत राहिली तर दुसरी चकचकीत करून काय उपयोग? टोकाकडचा दोन-तीन सेंटीमीटर भाग पुरे, तो दगडावर पूर्ण टेकवून घासा, किंचितही उचलू नका. वेळ लागतो, पण हे काम नव्या पटाशीला एकदाच करावं लागतं.

उतार बहुतेक २५ अंशाचा असतो, त्याच्या टोकाला ३० अंशाची बारीक पट्टी काढायची. इथे कोणी सांगेल की खरा कारागीर हातानेच कोन धरतो. सोडून द्या. होनिंग गाईड, म्हणजे पटाशी ठरल्या कोनात धरून ठेवणारा चाकाचा साचा, वापरा, विशेषतः हात थोडे थरथरत असतील तर. उतारावर मार्करची शाई लावा, दोन-चार हात मारा आणि बघा शाई कुठून गेली, म्हणजे कोन बरोबर बसलाय का ते लगेच कळतं.

१००० च्या दगडावर उतार घासत राहा, पाठीकडे लोखंडाची बारीक खरखरीत कड उलटून येईपर्यंत. बोट पाठीवरून धारेच्या बाहेरच्या दिशेने ओढून बघा, धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नका. ही खरखर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लागली पाहिजे, मधेच कुठे नसेल तर ६००० वर जायचं नाही म्हणजे नाही. घाई सगळ्यांची इथेच होते. ६००० वर उतार आणि पाठ आलटून पालटून हलक्या हाताने घासा, खरखर निघून जाते.

ग्राइंडर नवशिक्याने टाळावा, टोक तापून निळं पडलं की त्या जागेचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही.

धार आली का हे अंगठ्यावर बघू नका. मऊ पाइनच्या तुकड्याच्या आडव्या कापावरून, म्हणजे रेषे तुटलेल्या टोकावरून, पातळ साल काढा, लाकूड गुळगुळीत दिसलं तर झालं, चुरगळलेलं किंवा पांढुरकं दिसलं तर परत ६००० वर.

बाकी सोपं आहे. लाकूड क्लॅम्पने घट्ट धरा, दोन्ही हात धारेच्या मागे, खूण पेन्सिलपेक्षा सुरीने करा आणि आधी रेघेपासून थोडं दूर तासा, रेघेपाशी शेवटी या. काम करताना जोर वाढवावासा वाटला की थांबा, ६००० वर थोडं घासून घ्या, मग पुढे चला. उठताना पटाशी कोरडी पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा.