कंपनीचं नाव-पत्ता बदलला? ट्रेडमार्कची नोंदही बदलून घ्या

आंबा कॅनिंगचा कारखाना देवगडहून कुडाळच्या एमआयडीसीत हलवला, किंवा वडिलांच्या नावावरची फर्म प्रायव्हेट लिमिटेड झाली, की जीएसटी, बँक, फूड लायसन्स सगळीकडे बदल केला जातो. ट्रेडमार्क राहून जातो, कारण तिथून कोणी विचारायला येत नाही. नोंदणी दर 10 वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्याची सूचना रजिस्टरवरच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर जाते. तो पत्ता बंद पडलेल्या गाळ्याचा असेल, ईमेल जुन्या सीएच्या ऑफिसातला असेल, तर मुदत संपल्याचं कळतच नाही.

फॉर्म उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करा: मालक तोच आहे की कायद्याच्या नजरेत बदललाय? बरेच अर्ज इथेच अडकतात.

मालक तोच, फक्त पत्ता किंवा नाव बदललं, तर काम सोपं आहे. नोंदणी झालेल्या मार्कासाठी फॉर्म टीएम-पी. अर्ज अजून प्रलंबित असेल तर टीएम-एम. कंपनीचं नाव बदललं असेल तर कंपनी निबंधकाकडून मिळालेलं नव्या नावाचं प्रमाणपत्र जोडायचं. त्यावर जुनं आणि नवं दोन्ही नावं असतात, म्हणून वेगळा पुरावा फारसा लागत नाही. पत्त्यासाठी जीएसटी प्रमाणपत्र, वीजबिल किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय हलवलं असेल तर आधी कंपनी निबंधकाकडची नोंद बदला, मग इकडे या. उलट क्रमाने गेलात तर कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

कोकणात पत्त्याच्या दोन खास भानगडी आहेत. पहिली स्पेलिंगची. देवगड, वेंगुर्ले ही नावं रोमनमध्ये दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात; रजिस्टरवर एक आणि जीएसटीवर दुसरं असलं की आक्षेप येऊ शकतो. दुसरी जिल्ह्याची. सिंधुदुर्ग 1 मे 1981 ला वेगळा झाला, आणि त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. त्याआधीच्या मार्कावर मालवणचा पत्ता रत्नागिरी जिल्ह्यात दिसतो. जागा तीच आहे आणि फक्त नाव सरकारने बदललंय, असा तहसीलदारांचा दाखला जोडला की प्रश्न मिटतो.

आता अवघड भाग. प्रोप्रायटरी फर्मची (म्हणजे एकट्या मालकाच्या फर्मची) प्रायव्हेट लिमिटेड झाली, तर घरच्यांच्या दृष्टीने धंदा तोच, पण कायद्याने कंपनी ही वेगळी व्यक्ती. इथे ‘नावात बदल’ टाकून टीएम-पी भरला तर तो नामंजूर होतो आणि फी जाते. मार्क कंपनीच्या नावे हस्तांतरित करावा लागतो: लेखी करार, मग टीएम-पीमध्येच नव्या मालकाची नोंद करण्याचा अर्ज. करारात नोंदणी क्रमांक, वर्ग (मार्क कोणत्या प्रकारच्या मालासाठी आहे तो) आणि मोबदला स्पष्ट लिहा. ‘गुडविलसह’, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकासकट, हा शब्द विसरू नका. गुडविल वगळून हस्तांतर केलं तर 6 महिन्यांच्या आत रजिस्ट्रारकडे जाहिरातीबद्दल निर्देश मागावे लागतात. ती कटकट छोट्या धंद्याने ओढवून घेऊ नये. कराराची तारीख कंपनी स्थापन झाल्यानंतरचीच हवी. अस्तित्वात नसलेली कंपनी मार्क घेऊ शकत नाही. मुद्रांक शुल्क कमी भरलं असेल तर कागद पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून शंका असल्यास मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून रक्कम आधी ठरवून घ्या. हस्तांतर नोंदवायचा अर्ज होईपर्यंत, ते माहीत नसताना त्याच मार्कात हक्क मिळवणाऱ्या तिऱ्हाइताविरुद्ध तुमचं हस्तांतर लागू होत नाही. म्हणजे करार कपाटात ठेवून उपयोग नाही.

मूळ मालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा किंवा मृत्युपत्र, आणि बाकी वारसांची ना-हरकत लागते. मुंबईकर भाऊ आणि सासरी गेलेल्या बहिणी, सगळ्यांच्या सह्या घ्या. गणपतीत सगळे घरी येतात तेव्हा कागद तयार ठेवणं शहाणपणाचं. भागीदारी फर्ममध्ये भागीदार आला-गेला तर सुधारित भागीदारी करार जोडा.

फी प्रत्येक मार्कागणिक लागते. कोकमाचं सरबत वर्ग 32 मध्ये, पल्प आणि भाजलेले काजू 29 मध्ये, ताजा आंबा 31 मध्ये, अशा वेगवेगळ्या नोंदण्या असतील तर एकही सुटू देऊ नका. ऑनलाइन भरलं की फी 10 टक्के कमी. ट्रेडमार्क कार्यालयाच्या पोर्टलवर क्लास 3 डिजिटल सही लागते. एजंटमार्फत करत असाल तर मुखत्यारपत्र नव्या नावाने करा, जुनं चालत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे असतं, पण त्यासाठी गाडी पकडायची गरज नाही.

मुदत टळली असेल तर आधी नूतनीकरण: ऑनलाइन प्रत्येक वर्गाला 9,000 रुपये. मुदत संपल्यापासून 6 महिन्यांत केलं तर वर 4,500. त्यानंतर वर्ष पुरं होईपर्यंत पुनःस्थापनेचा, म्हणजे रद्द झालेली नोंद परत रजिस्टरवर आणण्याचा, मार्ग असतो, वर्षानंतर नवा अर्ज.

लोगो बदलायचा असेल तर हे लक्षात घ्या: मार्काची ओळख बदलणार नाही एवढाच किरकोळ फरक चालतो. नवं चित्र, नवं अक्षर असेल तर सरळ नवा अर्ज करा.

अर्ज गेल्यावर पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती अधूनमधून बघत राहा. आक्षेपाचं पत्र ईमेलवर येतं आणि स्पॅममध्ये पडून राहतं. बदल नोंदला की दुरुस्त नोंदीची प्रत काढून फूड लायसन्सच्या फाइलला लावा. हापूसच्या जीआयचे (भौगोलिक मानांकनाचे) अधिकृत वापरकर्ते असाल तर ती नोंद चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत वेगळी बदलावी लागते. ट्रेडमार्कमध्ये केलेला बदल तिथे आपोआप पोचत नाही.