अक्कलकोटच्या बाजूने या: सोडून गेलेल्यांनी सोलापूर कसं पाहावं

नोकरीसाठी पुणे-मुंबई गाठलेला सोलापूरकर गावाकडे येतो तो कायम एकाच बाजूने. मोहोळ मागे पडतं, बाळे येतं, स्टेशनवर गाडी थांबते आणि माणूस पुण्याची मापं डोक्यात घेऊनच खाली उतरतो. मॉल किती, आयटी पार्क कुठे, चांगली कॉफी कुठे मिळते. या मापाने सोलापूर कमीच भरतं. पण इंडी, आळंद, अक्कलकोट, नळदुर्ग, तुळजापूर इथला माणूस सकाळच्या एसटीने सोलापुरात उतरतो तेव्हा तो मोठ्या शहरात आलेला असतो. दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता, मोटारीचे सुटे भाग, सगळी कामं त्याची इथेच होतात. शहर एकच आहे, येण्याची बाजू वेगळी. बाहेर राहून आलेल्याला दोन्ही बाजू पाहता येतात, आणि त्यासाठी तीन-चार दिवस पुरतात.

आधी महिना ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो. तेव्हा यावंच लागलं तर बाहेरची कामं सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर करा, मधला वेळ घरात काढा. संक्रांतीच्या आसपास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक त्या उंच काठ्या पेलत चालतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. काठ्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. शहर कोणाकोणाचं मिळून बनलंय हे तिथे एका नजरेत दिसतं. त्या दिवसांत यायचं तर रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा. आणि अक्षतेला दोन तास आधी जागा धरा, उशिरा गेलात तर पुढच्यांच्या टोप्याच दिसतील.

यजमानांना येण्याआधी एक प्रश्न विचाराच: पाण्याचा दिवस कोणता? शहराला मुख्य पाणी उजनीहून, शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि नळाला ते रोज येत नाही. पाण्याच्या आदल्या दिवशी चार पाहुणे आंघोळीला उभे राहिले तर घरातली बाई तोंडाने काही बोलणार नाही, पण टाकीचा तळ तिला दिसत असतो.

दुसऱ्या बाजूने आत या

पहिल्या सकाळी अक्कलकोटला जा. अंतर चाळीस किलोमीटरच्या आत, एसटीने साधारण तासाभराचा रस्ता. स्वामींचं दर्शन पहाटे उरका आणि आठच्या सुमाराची परतीची गाडी धरा. दर्शन हा बोनस, खरं काम परतीच्या प्रवासात आहे. खिडकीशी बसा. गाडीत कोण चढतं, हातात काय आहे ते पाहा: एक्स-रेचे मोठे लिफाफे, कॉलेजच्या पिशव्या, तहसीलच्या कागदांच्या फायली. सोलापूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1963 सालचं आहे, आणि धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी या भागातले पेशंट आजही इथे येतात. पुण्याच्या बाजूने येणाऱ्याला हे ठाऊकच नसतं, कारण त्याच्या डब्यात हे लोक नसतात.

वाटेत वळसंग आणि मग कुंभारी लागतं. कुंभारीला विडी कामगार बायकांची घरकुलं आहेत. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्ये ताब्यात मिळाली. पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. असंघटित कामगारांनी संघटना बांधून, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून मिळवलेली ही घरं आहेत. इतकं मोठं काम आपल्याच शहराच्या वेशीवर झालं आणि बाहेर राहणाऱ्या बहुतेकांना त्याची खबर नाही. मला याचं फार वाईट वाटतं. त्यानंतर एमआयडीसी सुरू होते. तिथेच उतरा आणि रिक्षाने पूर्व भागात या.

पूर्व भाग: कामाच्या वेळीच

अशोक चौक, दत्त नगर, साखर पेठ, भद्रावती पेठ हा पद्मशाली विणकरांचा भाग. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. शहराच्या पश्चिमेला वाढलेली कितीतरी मुलं इथे कधी फिरकलेलीच नसतात, म्हणून ओळखीचं वाटलं तरी हा दिवस टाळू नका.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेलात तर बंद शटरं दिसतील आणि "धंदा संपला" असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. सकाळी दहा ते बारा ही वेळ चांगली. यंत्रमाग कारखान्याच्या दारात उभं राहून मालकाला विचारा, बहुतेक वेळा आत येऊ देतात. सैल ओढणी, लोंबता स्कार्फ, मोकळे केस बांधून घ्या, कारण पट्टे उघडे फिरत असतात. आवाज इतका असतो की बोलायचं असेल तर बाहेर यावं लागतं. कामगाराला मजुरी मालावर मिळते, त्यामुळे त्याला थांबवून प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. चहाच्या सुट्टीपर्यंत थांबा.

मागावर मान वर करून बघा. जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या यंत्राला, छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लोंबत असते. मागाच्या प्रत्येक फेऱ्याला एक पुठ्ठा पुढे सरकतो. जिथे छिद्र असेल तिथली सुई आत जाते, तो ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो आणि त्याच्या खालून बाणा, म्हणजे आडवा धागा जातो. चादरीवरचा मोर असा ओळीओळीने वर चढत येतो. एक पुठ्ठा फाटला की प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक उमटते. विणकर ती लांबून ओळखतो. ज्या चादरीखाली लहानपण गेलं ती कशी होते हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यायलाच हवं.

हे पाहिल्यावर जुन्या मिलकडे जा. ती 1877 ची. शहराचं कामगार रूप तिच्यापासून घडलं आणि एकामागून एक कापड गिरण्या बंद पडल्यावर शहराची घडी विस्कटली. मुलं पुण्याला का जाऊ लागली याचं अर्धं उत्तर इथे आहे. मग चार हुतात्म्यांचा चार पुतळा चौक. मे 1930 मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. लिंगायत, मराठा, मुसलमान, मारवाडी अशी ही चार घरांतली माणसं. रोज या चौकातून शाळेला गेलेल्यांनीही चारही नावं न चुकता सांगता येतात का ते बघावं.

चादर घेताना

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही बाहेरून आलेला माल सोलापुरीच्या नावाने विकला जातो. सणाच्या गर्दीत आणि हायवेवरच्या दुकानात फसगत जास्त होते. पुढच्या गोष्टी बघून घ्या.

चादर उलटी करा. चांगल्या जॅकार्ड चादरीत नक्षी दोन्ही अंगांनी असते, रंग तेवढे उलटे होतात. मागच्या बाजूला मोकळे धागे लोंबत असतील किंवा नक्षी नुसतीच छापलेली असेल तर ठेवून द्या. कडेचा एक धागा ओढून दुकानाबाहेर जाळा: सुताचा असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत विरते. काळा कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. माप टेपने घ्या, वेष्टणावरच्या आकड्यावर जाऊ नका. मोठी चादर साधारण 60 बाय 90 इंच असते. ओला पांढरा रुमाल गडद रंगावर दहा वेळा घासा. रुमालाला थोडा रंग लागला तर चालेल, रुमालच लाल झाला तर नको.

पहिली धुलाई गार पाण्यात आणि एकटीचीच. गरम पाण्यात टाकली की आटते. ब्लीच नको, आणि वाळवायची सावलीत, कारण इथल्या उन्हात लाल रंग एका उन्हाळ्यात विटतो. मशीन सहा किलोचं असेल तर एका वेळी एकच टाका. भिजल्यावर तिचं वजन ड्रमला झेपत नाही आणि फिरकीच्या वेळी मशीन जागचं हलतं.

कुडल संगम

एक सकाळ हत्तरसंग कुडलला द्या. भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. स्वतःचं वाहन हवं. मंदिराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि काळाचा उल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. अक्षरं समोरून वाचता येत नाहीत. मोबाइलचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. तिरक्या उजेडात खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि अक्षर उठतं. पीठ, खडू, तेल काहीही लावू नका, दगडाचं कायमचं नुकसान होतं. तिथेच अनेक मुखं कोरलेलं शिवलिंगही आहे. पाणी आणि डबा बरोबर घ्या.

खायचं आणि बांधून न्यायचं

शेंगा चटणी उखळातली घ्या. कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, चकत्यांसारखी होते. भुरभुरीत कोरडी असेल तर ती मिक्सरची. परगावी घरी करायची तर पाव किलो दाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजून, पूर्ण गार करून साल काढा. बारा लसूण पाकळ्या, दोन-अडीच चमचे तिखट, चमचाभर जिरं, चवीला मीठ. मिक्सर दोन-दोन सेकंद फिरवून थांबवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि लगदा होतो. मुंबईच्या दमट हवेत पंधरा दिवसांनी खवट वास येऊ लागतो, म्हणून तिथे फ्रीजमध्येच ठेवा.

कडक भाकरी स्टीलच्या डब्यात, मध्ये कागद घालून न्या. पिशवीत नेलीत तर चुराच पोहोचतो. मऊ पडली तर मंद तव्यावर दोन मिनिटं.

ज्वारी मात्र पीठ करून नेऊ नका. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडा फाटतात आणि दोष पाण्याला किंवा हाताला लागतो. धान्य न्या आणि तिकडे आठवड्यापुरतं दळा. मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर काळ्या रानात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ती निघते, म्हणून वर्षाची भरणी मार्च-एप्रिलमध्ये करा. रोज आठ भाकऱ्या, एकीला 75 ग्रॅम पीठ धरलं तर महिन्याला 18 किलो लागते. दोन दिवस कडक ऊन देऊन, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा.

परत येऊन राहायचा विचार असेल तर

बऱ्याच जणांना जानेवारीत हा विचार येतो. हुरडा खाऊन, सिद्धेश्वरांच्या तळ्याकाठी संध्याकाळी बसून घेतलेला निर्णय जूनपर्यंत टिकत नाही. आकडे मांडा. पुण्यात जायला एक तास, यायला एक तास धरला तर 25 दिवसांचे 50 तास होतात, म्हणजे आठ तासांचे सहा दिवस नुसते रस्त्यावर. विजापूर नाक्यावरून सात रस्त्याला जायला इथे दहा-पंधरा मिनिटं लागतात. दुसऱ्या बाजूला तुमच्या कामाच्या नोकऱ्या शहरात किती हे मोजा. आयटीत असाल आणि घरून काम करायची लेखी परवानगी नसेल तर उत्तर बहुधा नकारार्थी येईल. डॉक्टर, शिक्षक, वकील, कापडाचे व्यापारी, डाळिंबाशी संबंधित माणसं यांचं गणित वेगळं. नातेवाइकांच्या सांगण्यावर जाऊ नका, तुमच्याच व्यवसायातल्या तीन अनोळखी माणसांना विचारा.

मग महिनाभर राहून बघा, आणि तो महिना मे असू द्या. जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्यावर भाड्याने घर घ्या, माहेरी किंवा भावाकडे नको, कारण तिथे पाण्याची आणि बाजाराची काळजी दुसरं कोणी वाहतं. घर बघताना हॉल मोजण्याआधी गच्चीवर चढा. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर चौघांना रोज 540 लिटर लागतात. पाणी पाच दिवसांनी आलं तर 2,700 लिटरची साठवण हवी. हजाराची एकच टाकी असेल तर तिसऱ्या दिवशी टँकरचा नंबर शोधावा लागेल. खाली जमिनीतला हौद आहे का, मोटर कोणाच्या मीटरवर चालते, पाणी रात्री येतं की दिवसा आणि ते सोडायला कोण उठतं, हे घरमालकाला नव्हे, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा.