फ्रेंच प्रॉग ऐकायला कुठून सुरुवात करायची

फ्लॉइड, जेनेसिस, किंग क्रिमसन हे सगळं इंग्लिश प्रॉग (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक) ऐकून झालंय आणि आता फ्रेंच प्रॉग ट्राय करू म्हणताय, तर पहिलं सांगतो, मॅग्मा या बँडचा पहिला अल्बम लगेच लावू नका. कुठलीही लिस्ट उघडा, वर मॅग्माच असतं, मग लोक 1970 चा तो डबल अल्बम लावतात, अर्ध्यात पळतात आणि हे सगळंच डोक्याला ताप आहे असं ठरवून मोकळे होतात.

फ्लॉइडवाले असाल तर पल्सार घ्या, लियाँचा बँड. 'हॅलोवीन' 1977 चा, रेकॉर्डच्या एका बाजूला एक अशा दोनच लांब रचना, रात्री हेडफोन लावून ऐका, बास.

मग आंज. 1969 मध्ये बेल्फोरला क्रिस्तियाँ आणि फ्रान्सिस देकाँ या भावांनी सुरू केलेला. इथे गिटार सोलो शोधत बसलात तर कंटाळाल, आवाजाच्या मागे जा. क्रिस्तियाँ गाता गाता बोलतो, कुजबुजतो, मधेच किंचाळतो, संगीत नाटकातला नट पद म्हणता म्हणता संवादात शिरतो ना तसं. 1973 च्या अल्बमवर त्यांनी बेल्जियन गायक ज्याक ब्रेलचं एक गाणं घेतलंय, ते आधी ब्रेलचं ऐका मग यांचं, लगेच कळतं की यांची मुळं जेवढी लंडनच्या रॉकमध्ये आहेत तेवढीच शांसाँमध्येही, म्हणजे शब्दांना महत्त्व देणाऱ्या फ्रेंच गाण्यांमध्येही आहेत. फ्रेंच येत नसलं तरी काही अडत नाही, मलाही येत नाही.

गाँगचं प्रकरण वेगळंच. डेव्हिड अ‍ॅलन मूळचा ऑस्ट्रेलियन, सॉफ्ट मशीन या इंग्लिश बँडमध्ये होता, 1967 मध्ये व्हिसाच्या भानगडीवरून इंग्लंडने परत आत घेतलं नाही म्हणून पॅरिसलाच राहिला आणि तिथे गाँग उभा राहिला. (त्या इमिग्रेशनवाल्याचे आभारच मानले पाहिजेत.) 'यू' हा 1974 चा अल्बम आधी घ्या, त्यात चहाटळपणा कमी आणि वाजवणं जास्त आहे.

आता मॅग्मा. क्रिस्तियाँ वांदेर ड्रमर, जॅझ सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचा भक्त, त्याने बँडसाठी कोबायन नावाची भाषाच बनवली. अर्थ शोधायच्या नादी लागू नका. 1975 चा लाइव्ह अल्बम लावा, त्यात व्हायोलिनवर दिदिए लॉकवूड आहे, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा पोरगा. पहिल्या वेळी फक्त ड्रम आणि बास पकडा, गाणं कानावरून जाऊ दे. दुसऱ्या वेळी कोरस. तेच तेच वाजतंय म्हणून फॉरवर्ड करायचा मोह होतो, तो आवरा, कारण ओळ तीच असली तरी दर फेरीला काहीतरी सरकत असतं, कधी ड्रमचा जोर दुसऱ्याच मात्रेवर पडतो, कधी कोरस अजून वर चढतो, आणि ते चढत जाणं हेच तर खरं गाणं आहे. हे एकदा अंगात भिनलं की 1973 चा 'मेकानिक देस्ट्रुक्टिव्ह कोमांडो' सरळ एका बैठकीत ऐका. मग 1976 चं 'दे फुतुरा', ते बासवाल्या यानिक तॉपचं, हा माणूस बास चेलोसारखा ट्यून करतो, त्यामुळे खालचा स्वर अक्षरशः छातीत वाजतो, मोबाइलच्या स्पीकरवर प्लीज ऐकू नका.

या स्टाइलला झॉइल म्हणतात आणि ती मॅग्मापुरती राहिली नाही. वायडोर्ये बँडचा त्याच नावाचा 1978 चा अल्बम, 1981 चा 'एरॉस' हा ड्यून बँडचा अल्बम, दोन्ही नंतर ऐका. ड्यून तर मॅग्मापेक्षा हलकाफुलका, बासरी वगैरे.

रिशार पिन्हासचा हेल्डन सगळ्यात शेवटी ठेवा. किंग क्रिमसनच्या फ्रिपसारखी गिटार आणि सिंथ. 1974 च्या पहिल्या अल्बमवर चक्क तत्त्वज्ञ झील देल्यूझ नित्शेचा उतारा वाचतो.

ऐंशीच्या दशकात हा सगळा बाजार थंडावला. आत्ताचं काही हवं असेल तर लाझुली हा बँड. त्यात गिटारसारखं काहीतरी रडतंय असं वाटेल, ती गिटार नाही. मोटरसायकल अपघातात क्लोद लेओनेत्तीचा हात निकामी झाला, तेव्हा त्याने एका हाताने वाजवता येईल असं लेओद नावाचं वाद्य तयार केलं, ते आहे.