आधी दरवाजा कधी उघडतो ते बघा, तंबू नंतर

जुनी ठिकाणं बघायची आणि रात्री तंबूत झोपायचं असं ठरलं की बहुतेक जण आधी कॅम्पसाइट शोधायला बसतात. नदीकाठ आहे, झाडं आहेत, फोटो भारी आलेत, केलं बुकिंग. आणि मग कळतं की जे बघायला निघालोय ते तिथून दीड तासावर आहे, तिकिटाचा स्लॉट सकाळी आठचा आहे, आणि पाच वाजता डोक्याला टॉर्च बांधून ओला तंबू गुंडाळत बसायचंय. मी हे केलंय, एकदा नाही, दोनदा. तेव्हापासून उलटं करतो. आधी वास्तूचं वेळापत्रक, मग तंबू कुठे ते.

तर पहिलं काम म्हणजे कागद घ्या (किंवा शीट उघडा, मला कागद बरा पडतो) आणि बघायच्या प्रत्येक जागेसमोर चार गोष्टी लिहा: सुट्टीचा वार, उघडण्याची वेळ, शेवटचा प्रवेश किती वाजता, आणि तिकीट आधी काढावं लागतं का. सुट्टीचा वार सगळीकडे वेगळा असतो हे डोक्यात ठेवा. ताजमहाल शुक्रवारी बंद, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी, पॅरिसचं लूव्र पण मंगळवारी. म्हणजे अजिंठा आणि वेरूळ सोमवार-मंगळवारी करू म्हटलं तर क्रम चुकला की दोन्ही दिवस कुलूप बघून परत. शेवटचा प्रवेश आणि बंद व्हायची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यातही लोक फसतात, सहाला बंद होतं म्हणून पाचला पोचायचं आणि आत सोडणं साडेचारलाच थांबलेलं.

मग मोसम. पेरूतला इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला चालत जायची जुनी वाट, दर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंद असतो, आणि इतर महिन्यांत दिवसाला ५०० जणांनाच परमिट, त्यात हमाल आणि गाइडही धरलेले, त्यामुळे ट्रेकरच्या वाट्याला त्यातल्या निम्म्याहून कमी जागा येतात. असल्या ठिकाणी तारीख तुम्ही ठरवत नाही, परमिट ठरवतं, आणि बाकीची ट्रिप त्या तारखेच्या मागेपुढे लावायची.

तिकिटांचं म्हणाल तर मी जागांचे तीन गट करतो. एक, कधीही या, कधीही जा. या सगळ्यात शेवटी लावायच्या, त्या कुठेही बसतात. दोन, ठरावीक वेळेचा स्लॉट किंवा रोजची मर्यादा असलेल्या, जसं इटलीतलं ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर पॉम्पेई, तिथे २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. तीन, गाइडबरोबरच आत सोडतात त्या. अमेरिकेतल्या मेसा व्हर्डेमध्ये कड्याच्या कपारीत बांधलेली जी घरं आहेत त्यातलं क्लिफ पॅलेस रेंजरच्या टूरबरोबरच आतून बघता येतं आणि त्याची तिकिटं १४ दिवस आधी ऑनलाइन खुली होतात, म्हणजे फोनमध्ये अलार्म लावून बसायचं काम. ट्रिपचा सांगाडा या तिसऱ्या आणि दुसऱ्या गटाने बनतो. सांगाडा उभा राहिला की मग कॅम्प.

आता कॅम्प कुठे. इथे माझं ठाम मत आहे, रोज तंबू हलवायचा नाही. तंबू काढणं, गुंडाळणं, गाडीत भरणं, नवीन जागी जाऊन परत लावणं, यात सहज तीन तास जातात, आणि हे तीन तास नेमके सकाळचे आणि संध्याकाळचे, म्हणजे ज्या वेळी उजेड सगळ्यात सुंदर आणि गर्दी सगळ्यात कमी तेच. त्यापेक्षा एक बेस धरा आणि तिथून तीन-चार दिवस फिरा. फ्रान्समधलं वेझेर नदीचं खोरं यासाठी अगदी नमुना म्हणावं असं आहे. एवढ्याशा भागात अश्मयुगातल्या १४७ जागा आणि चित्रं असलेल्या २५ गुहा, १९७९ पासून जागतिक वारसा, आणि कॅम्पसाइटही भरपूर. एका जागी तंबू ठोकला की रोज एक गुहा करता येते. फक्त हे आधीच माहीत हवं की या खोऱ्यातली चित्रांसाठी प्रसिद्ध लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे, बघायला मिळते ती प्रतिकृती, नाहीतर पोचल्यावर हिरमोड होतो. (प्रतिकृतीही बघण्यासारखी आहे हो, पण मनाची तयारी लागते.)

बेस निवडताना नकाशावरचं सरळ अंतर बघू नका, गाडीला लागणारा वेळ बघा. मेसा व्हर्डेचं कॅम्पग्राउंड पार्कच्या आतच आहे, फाटकापासून साधारण ६ किलोमीटर, तर वाटतं चला, तंबूतून बाहेर पडलं की समोर घरं. तसं नाही, तिथून वळणावळणाचा डोंगरी रस्ता आहे आणि फाटकापासून मुख्य भागात पोचायलाच पाऊण तास धरावा लागतो. माझा साधा नियम, बेसपासून कुठलीही मोठी जागा ४५ मिनिटांच्या आत, आणि जिथला स्लॉट पहाटेचा आहे ती सगळ्यात जवळ.

काही जागा मात्र एका ठिकाणी नसतातच, लांबच लांब पसरलेल्या असतात, तिथे बेस चालत नाही. इंग्लंडमधली हेड्रियनची भिंत घ्या, इसवी सन १२२ मध्ये रोमनांनी बांधायला घेतली, ११७ किलोमीटर, आणि तिच्या बाजूने चालायची जी वाट आहे ती १३५ किलोमीटर. ही चालत करायची तर तंबू पाठीवर आणि रोज नवा मुक्काम. तिथेही मधल्या दिवसात किल्ले आणि उत्खननं बघायला वेळ सोडा, रोज २५ किलोमीटर मारायचे ठरवले की मग नुसतं चालणंच होतं, भिंत बाजूला राहते. एक गोष्ट आवडली मला, त्या वाटेचा शिक्के मारायचा पासपोर्ट मे ते ऑक्टोबरच मिळतो कारण हिवाळ्यात जमीन भिजलेली असते आणि पावलांनी खाली पुरलेले अवशेष खराब होतात. म्हणजे मोसम फक्त आपल्या सोयीचा नसतो, वास्तूच्या सोयीचाही बघायचा असतो.

तंबू कुठे चालतो आणि कुठे नाही हे प्रत्येक देशात वेगळं आहे आणि "रात्रीच येऊन सकाळी जाऊ, कोणाला कळतंय" हे करू नका. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर तंबू लावायचा हक्क आहे, शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र जवळपास सगळीकडे जमीनमालकाची परवानगी लागते. नॉर्वेत पडीक, रानातल्या जमिनीवर चालतं पण घरापासून १५० मीटर लांब आणि एका जागी दोन रात्री, त्याहून जास्त राहायचं तर मालकाला विचारायचं, उंच डोंगरात आणि वस्तीपासून फार लांब असाल तर तेही विचारावं लागत नाही. पण या हक्कांच्या भरवशावर जुन्या वास्तूच्या आवारात तंबू टाकायचा विचार करू नका, आणि नियमापलीकडे त्याला कारणही आहे. तंबूचा खुंटा पंधरा-वीस सेंटिमीटर आत जातो आणि जुन्या वस्तीचे अवशेष कित्येकदा त्याहून वर असतात, गवताच्या लगेच खाली. शेकोटीने दगड तापून त्याचे पापुद्रे निघतात. आणि भिंतीच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून चूल मांडली तर काजळी कायमची.

तशीच दुसरी सवय, खापराचा तुकडा किंवा छोटा दगड "आठवण" म्हणून खिशात टाकायची. पुरातत्त्ववाल्यांना तो तुकडा कुठे पडला होता त्यावरून बरंच काही कळतं, तुमच्या शोकेसमध्ये गेला की तो नुसता तुकडा. बऱ्याच देशांत गुन्हाही आहे. फोटो काढा, तिथेच ठेवा.

दिवसाची आखणी, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण तंबूत राहण्याचा खरा फायदा इथेच आहे. हॉटेलवाले नाश्ता करून दहाला पोचतात, बसेस तेव्हाच येतात. तुम्ही उजाडताच उठलेले असता (तंबूत दुसरा पर्याय नसतो, ऊन आत येतं आणि भट्टी होते), मग दरवाजा उघडायच्या आधी पंधरा मिनिटं तिथे उभे राहा. पहिले दोन तास मोठी वास्तू, अकराच्या सुमारास बाहेर, दुपारी परत कॅम्पवर, जेवण, झोप, कपडे वाळत घालणं, आणि चार नंतर एखादी छोटी जागा किंवा म्युझियम. दुपारी उघड्यावरची वास्तू करायचीच नाही. पॉम्पेई ६६ हेक्टरांवर पसरलंय आणि सावली फार थोडी, तिथे भर उन्हात एक वाजता फिरणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. दिवसाला एक मोठी जागा, फार तर एक मोठी एक छोटी. तिसरी घातली की तिन्ही डोक्यात मिसळतात आणि घरी येऊन फोटोवरून कळत नाही कुठला खांब कुठला.

मोठ्या परिसराला तर दिवसही पुरत नाही. कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांचा पास १, ३ किंवा ७ दिवसांचा मिळतो, आणि ३ दिवसांचा पास १० दिवसांत कधीही, ७ दिवसांचा एका महिन्यात वापरता येतो, सलग जावं लागत नाही. असला पास दिसला की घ्यायचा आणि मध्ये एक दिवस काहीच करायचं नाही. आत किती चालायचं तेही आधी बघा, जॉर्डनमधल्या पेट्रा या खडकात कोरलेल्या जुन्या शहरात नुसती आत जायची अरुंद घळ म्हणजे सीकच १.२ किलोमीटर आहे आणि मोनास्ट्री नावाच्या डोंगरावरच्या वास्तूला वर जायला ८०० च्या आसपास पायऱ्या, वर तेवढंच परत यायचं. आदल्या रात्री खडबडीत जमिनीवर कूस बदलत काढली असेल तर गुडघे बोलतात.

त्यावरून सामान. सगळी यादी देत नाही, ती कुठेही मिळते, या प्रकारच्या ट्रिपला जे वेगळं लागतं तेवढंच सांगतो. खालची मॅट चांगली घ्या, तंबू साधा चालेल, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं कम्फर्टचं बघा, लिमिटचं नाही, लिमिट म्हणजे कसंबसं गोळा होऊन रात्र निघेल एवढंच. उंचीचा हिशोब करा, दर १००० मीटरला साधारण साडेसहा डिग्री उतरतात, आणि पठारावरचे जुने अवशेष बघायला जाताना खालच्या शहराचं हवामान बघून निघालेले लोक रात्री सगळे कपडे घालून बसलेले मी पाहिलेत. खूप उंचावर असेल तर अंगवळणी पडायला दिवस ठेवा, इंका ट्रेलला जाणारे आधी कुस्को शहरात दोन दिवस काढतात, ते ३४०० मीटरवर आहे आणि ट्रेलवरची सगळ्यात उंच खिंड ४२०० च्या वर. स्टोव्ह पाऊस असला तरी तंबूच्या आत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ड्रोन घरी ठेवा, बहुतेक ठिकाणी बंदी आहे. मोठी बॅग आत सोडत नाहीत अशा जागा खूप आहेत, त्यामुळे एक छोटी पाठपिशवी वेगळी, त्यात पाणी, टोपी, पासपोर्ट आणि पैसे. तंबूला कुलूप नसतं हे विसरून मी एकदा कॅमेऱ्याची बॅग आत ठेवून दिवसभर फिरून आलो, गेली. तेव्हापासून किमती वस्तू अंगावर.

आडबाजूच्या जागांना एक वेगळा नियम, पेट्रोल आणि खाणं अलीकडच्या शेवटच्या गावातच भरून घ्या. न्यू मेक्सिकोतलं चाको कॅन्यन हे उदाहरण, शेवटचा रस्ता कच्चा, आत ना पेट्रोल ना जेवण, पिण्याचं पाणी फक्त व्हिजिटर सेंटरपाशी. पाऊस झाला की तो रस्ता चिखल. पण तिथे रात्री राहिलात तर आकाश असं दिसतं की हजार वर्षांपूर्वी ते दगडी वाडे बांधणारे सूर्य-चंद्राकडे एवढं लक्ष का देत होते ते न सांगता कळतं. आकाशासाठी जायचं तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. नकाशे आधीच ऑफलाइन डाउनलोड करा आणि तिकिटांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मेल उघडायला रेंज नसते.

पावसाचा दिवस आखणीत आधीच ठेवा, म्हणजे एक म्युझियम राखून ठेवायचं, पाऊस आला की ते वापरायचं, नाही आला तर शेवटी. म्युझियम खरं तर आधी बघितलं तर जास्त उपयोगी, उघड्यावर नुसता पाया उरलेला असतो, वर काय होतं ते मॉडेलमध्ये दिसतं, पण पावसापुढे इलाज नाही.

शेवटच्या दिवशी मात्र काही मोठं ठेवू नका. त्या सकाळी तंबू दवाने ओला असतो, तो वाळेपर्यंत दहा वाजतात, आणि घाईत ओलाच कोंबलात तर घरी पोचल्या दिवशीच काढून गॅलरीत टांगा, दोन दिवस पिशवीत राहिला की बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते काही केल्या जात नाहीत.