कार्बन रिकंबंट घ्यायची आहे? आधी पायाचं माप घ्या

रिकंबंट, म्हणजे पाठीवर रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल. ही वेगवान असते याबद्दल वाद नाही. १९३३ साली फ्रान्सिस फोरने अशाच सायकलवर तासाभरात ४५.०५५ किमी अंतर कापून १९१४पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, स्पर्धेच्या सायकलची व्याख्या अशी ठरवली की ही सायकल बाहेर पडली, ती आजतागायत. त्यामुळे यूसीआयच्या नियमांनी होणाऱ्या रोड रेसमध्ये ही उतरवता येत नाही, बहुतेक ट्रायथलॉनमध्येही नाही. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइडमध्ये, चालते. २०० किमीला साडेतेरा तास, ६०० किमीला ४० तास अशा मर्यादेत मान, मनगटं आणि बैठक शाबूत ठेवून सपाटीवर वेग राखायचा असेल, तर हिच्यासारखी सायकल नाही.

वेग येतो तो मुख्यतः बसण्याच्या ढबीतून. सपाट रस्त्यावर ताशी ३० किमीला तुमची बहुतांश ताकद हवा कापण्यात जाते, आणि ३०चे ३६ करायचे तर हवेसाठी लागणारी ताकद जवळजवळ पावणेदोनपट होते. सीट जमिनीपासून २० ते २५ अंशांवर झुकलेली असली की छाती हवेच्या वाटेतून बाजूला होते. हा फायदा अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवरही तेवढाच मिळतो. कार्बन फायबरच्या फ्रेमने वाचणाऱ्या दोनेक किलोंचा हिशेब करून बघा: स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर ठाण्यात उपवनहून येऊरच्या डोंगरावर जाताना वीस मिनिटांच्या चढात जेमतेम अर्धं मिनिट. कार्बनची खरी कमाई आहे ताठपणात. पायडल पुढे असतं, पाय सीटला रेटा देऊन ढकलतात, आणि त्या रेट्याने बूम, म्हणजे पायडल धरणारी पुढची नळी, वाकला की ताकद वाया जाते. चांगला कार्बन बूम वाकत नाही. तरीही आमचं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष आपल्या मापाची वापरलेली अ‍ॅल्युमिनियम हायरेसर (दोन्ही चाकं मोठी, सीट उंच अशी रिकंबंट) चालवा. आपलं माप आणि सीटचा कोन पक्का कळला, की मगच कार्बनवर काही लाख घाला.

माप असं घ्या. अनवाणी, भिंतीला कंबर आणि पाठ टेकवून जमिनीवर बसा, पाय सरळ करा, आणि भिंतीपासून तळव्यापर्यंतचं अंतर मोजा. उत्पादक फ्रेमचं माप याच आकड्यावरून सांगतात. नुसत्या उंचीवरून फ्रेम मागवू नका. सारख्या उंचीच्या दोघांच्या पायांत चार-पाच सेंटीमीटरचा फरक सहज असतो.

सायकल हाती आल्यावर बूम लावा. टाच पायडलवर ठेवून पाय पूर्ण लांब केला की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो. बूम जास्त बाहेर असेल तर कंबर सीटवर डावी-उजवीकडे घसरते आणि गुडघ्याची मागची बाजू दुखते. आत असेल तर गुडघा पुढून दुखतो. बोटं बधिर होत असतील किंवा तळवा पोळल्यासारखा वाटत असेल, तर बूमला हात लावू नका, क्लीट (बुटाच्या तळाची, पायडलमध्ये अडकणारी पट्टी) टाचेकडे सरकवा.

बूम सरकवला की चेनही बदलते, हे नवखे विसरतात. बूम १३ मिमी बाहेर काढला की वरची आणि खालची चेन मिळून एक इंच जास्त लागते, म्हणजे आतली एक आणि बाहेरची एक अशी कड्यांची एक जोडी. हायरेसरला साध्या चेनच्या अडीच ते तीन लांब्या जोडाव्या लागतात. चेन आणि क्विक लिंक (चेनची टोकं जोडणारी, हाताने लागणारी कडी) एकाच स्पीडच्या, म्हणजे मागच्या तेवढ्याच गिअरसाठीच्या घ्या, आणि दोन क्विक लिंक खिशात ठेवा. बूमच्या क्लँपमध्ये कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावा, ग्रीस अजिबात नको, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच फ्रेमवर छापलेल्या आकड्याइतके आवळा. बूमच्या कडेशी टेप चिकटवून खूण करा. जोरात चढल्यावर खूण सरकलेली दिसली, तर पेस्ट कमी पडलीय किंवा बूम गोल फिरतोय. बोल्ट आणखी पिळाल तर कार्बन चिरेल.

सीटखालचा आयडलर म्हणजे चेनला वळण देणारी दातेरी पुली. तिच्यावर पायांचा सगळा ताण येतो. करकर वाढली, दात टोकदार झाले किंवा पुली बोटांनी डुगडुगली, की बदला. ही भानगड नको असेल तर क्रुझबाइकसारखी पुढच्या चाकाने ओढणारी रचना आहे. तिला चेन छोटी लागते आणि आयडलर नसतो, पण पायडल मारताना हँडल वळू पाहतं, ते आवरायला काही आठवडे जातात. शिवाय ओल्या, उभ्या चढावर पुढचं चाक पकड सोडून जागच्या जागी फिरतं.

शिकायला रविवारी सकाळी नवी मुंबईतल्या खारघरच्या सेक्टरांमधला रुंद, रिकामा रस्ता बरा. किंचित उतार असेल तर आणखी उत्तम. सुरुवातीला क्लीट नको, साधं सपाट पायडल लावा. हलका गिअर टाका, एक क्रँक वर आणि जरासा स्वतःकडे आणा, नजर वीस-पंचवीस मीटर पुढे ठेवा आणि एकदम जोर लावा. हँडल घट्ट धरून ओढलंत की सायकल सापासारखी नागमोडी जाते. खांदे आणि कोपरं सैल सोडा, पाठ सीटला टेकलेली राहू द्या. सिग्नलला थांबण्याआधीच गिअर हलका करायची सवय लावून घ्या, कारण जड गिअरवर ही सायकल सुरूच होत नाही.

चढावर उभं राहता येत नाही, त्यामुळे पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला किमान ३४ दाते हवेत. येऊरसाठी मागे ४० असेल तर आनंदच. ताशी आठ-नऊ किमीच्या खाली तोल राखणं कठीण जातं. मांड्यांचे वेगळे स्नायू तयार व्हायला दोन-तीन महिने द्या.

वेगासाठी पाम बीच रोडचा भल्या पहाटेचा पट्टा किंवा पनवेलहून कर्नाळ्याकडचा रस्ता घ्या. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुख भागात आणि उरणच्या कंटेनर-ट्रेलरच्या रस्त्यावर ही सायकल नेऊ नका. खड्डा आला की साध्या सायकलवर तुम्ही बूड उचलता. इथे सगळा दणका पाठीत बसतो. म्हणून फ्रेममध्ये २८ मिमी टायर बसतो का हे विकत घेण्याआधीच विचारा, जुन्या कार्बन फ्रेममध्ये अनेकदा बसत नाही. ७० किलोच्या माणसाने टायरमधल्या हवेची पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआयपासून सुरुवात करावी. पेव्हर ब्लॉक आणि स्पीडब्रेकरवर डोकं हेडरेस्टपासून उचला, नाहीतर दात वाजतात. मागचा लाल दिवा हेडरेस्टच्या उंचीवर बांधा.

इथल्या दमटपणात कार्बनच्या सीटवर पाठ भिजून निघते. जाळीदार, हवा खेळणारी गादी घ्या, फोमची दिवसभर वाळत नाही. पाऊस थेट चेहऱ्यावर येतो, म्हणून हेल्मेटखाली पुढे पट्टी असलेली टोपी घाला.

खाडीच्या खाऱ्या हवेत कार्बनला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम लवकर खाल्लं जातं, विशेषतः बूमचा क्लँप आणि सीटच्या बोल्टचे आतले भाग. पावसाळा संपला की बूम काढा, पांढरी भुकटी दिसली तर पुसा, नवी पेस्ट लावून बसवा. सीटच्या बोल्टांभोवती नाण्याने ठोकून ऐका: टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत. अशी सायकल चालवू नका, आणि हार्डवेअरच्या दुकानातला एपॉक्सी भरून वेळही मारून नेऊ नका. कार्बन दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. वर्कस्टँडला लावताना पकड फ्रेमच्या नळीवर कधीच नको. आणि घरी आणण्याआधी सोसायटीची लिफ्ट मोजा: जवळजवळ सहा फूट लांबीची ही सायकल बहुतेक लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करूनच मावते, तेव्हा गिअर बदलणारा मागचा डिरेलर दाराला घासणार नाही अशी बाजू आधीच ठरवून ठेवा.